पेट्रोल नको तर स्पिरिट तरी द्या : लहान इंजिनांच्या वतीने एक खुले पत्र

प्रति,
केंद्रीय पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली
राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र शासन
आणि लहान पेट्रोल इंजिनं बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या सर्व कंपन्या

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून गदारोळ उठला, तेव्हा मंत्रालयाने त्यावर सविस्तर खुलासा केला. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च फार नाही, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये काम होऊन जाईल, असा त्याचा सूर होता. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मोटारी होत्या, दुचाकी होत्या, मायलेज होतं, विम्याचाही विषय होता. माझ्या दुकानात येणाऱ्या यंत्रांबद्दल मात्र मला त्यात काही सापडलं नाही. या यंत्रांना किलोमीटरच नसतात.

वाळवा तालुक्यात माझं लहान इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. ब्रश कटर, पॉवर वीडर, फवारणीचे एचटीपी पंप, ओढ्यातून पाणी उचलायचे दोन इंची पंप, झाडं कापायच्या चेन सॉ, मांडववाल्यांचे छोटे जनरेटर, अधूनमधून एखाद्या रसवंतीचं इंजिन. सगळी पेट्रोलवर, बहुतेक सगळी कार्बोरेटरची, म्हणजे हवा आणि इंधन मिसळून इंजिनात सोडणारं साधं भांडं असलेली. यांतलं कुठलंच यंत्र रोज चालत नाही. खुरपणीच्या दिवसांत वीडर पंधरवडाभर राबतो आणि मग पुढच्या हंगामापर्यंत गोठ्यात पडून राहतो, बहुधा टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून. आपल्या धोरणात इंजिनाचं हे आयुष्य कुणी धरलेलंच नाही, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. कृष्णाकाठी राहून इथेनॉलला शिव्या देणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. माझं निम्मं गिऱ्हाईक ऊसवालं आहे. कारखान्याला इथेनॉलचे पैसे साखरेच्या आधी मिळतात आणि त्यावर उसाची बिलं निघतात, हे मी दुकानात बसून ऐकतो. बिल निघालं की माझीही उधारी वसूल होते. तेव्हा इथेनॉल बंद करा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. उलट आमच्या यंत्रांना ते पुरतं, धडपणे द्या, एवढंच म्हणणं आहे.

२०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणासाठी २०३० साल ठरलं होतं. नंतर ते अलीकडे ओढून २०२५-२६ केलं गेलं. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० काही पंपांवर आलं आणि दोन-अडीच वर्षांत जवळपास सगळीकडे तेच झालं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाचा निर्णय मान्य. पण गाडीवाल्यांना निदान ई-२० साठी बनवलेली नवी मॉडेलं मिळाली, चाचण्यांचे आकडे मिळाले, भांडायला वृत्तवाहिन्या मिळाल्या. पाठीवर ब्रश कटर घेऊन बांध साफ करणाऱ्या माणसाला काय मिळालं?

आता पहिली तक्रार, आणि तीच सगळ्यात मोठी.

पेट्रोल आणि पाणी एक होत नाहीत. पेट्रोलमध्ये इथेनॉल घातलं की ते थोडं पाणी पोटात घेतं. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, वीस टक्क्यांत त्याहून जास्त. तोवर काही बिघडत नाही, उलट टाकीच्या तळाला साठणारे दोन-चार थेंब जळून जातात. पण मर्यादा ओलांडली, किंवा रात्रीच्या गारठ्याने ती मर्यादाच खाली आली, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. वर पेट्रोल, खाली पाणी-स्पिरिट. मोटारीची टाकी बंदिस्त असते आणि आठ-पंधरा दिवसांत रिकामी होते. ब्रश कटरची टाकी लिटरभराची, टोपीला हवेचं भोक, आणि यंत्र वळचणीला टांगलेलं. हवेतला ओलावा इंधनात फार हळू शिरतो, त्याचा मी बाऊ करणार नाही. खरं पाणी येतं ते टोपीच्या भोकातून, पावसात भरलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून, आणि कधी कधी कॅन भरला त्या पंपाच्या टाकीतूनच.

इंजिन इंधन ओढतं ते तळातून. चार स्ट्रोकचं असेल तर ते भकभक करून बंद पडतं आणि गिऱ्हाईक दोरी ओढून ओढून खांदा धरून बसतं. टू-स्ट्रोकची गत वाईट. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या पाणी-स्पिरिटमध्ये ते जवळपास नसतंच. कार्बोरेटरने ते ओढलं, इंजिन कसंबसं सुरू राहिलं, तर थोड्याच वेळात आवाज चिरका होतो आणि पिस्टन धरतो. गवत कापून देण्याचं काम घेणाऱ्या एका ताईंचं यंत्र असंच आलं. टाकीतलं इंधन मी त्यांच्यासमोर काचेच्या बरणीत ओतलं. थोडा वेळ ठेवल्यावर मध्ये सरळ रेघ उमटली. वरच्या थराला ऑइलची हिरवट झाक, खालचा थर साध्या पाण्यासारखा. सिलिंडर उतरवला तर एक्झॉस्टच्या बाजूने उभ्या चरा पडलेल्या, रिंगा खाचेत चिकटलेल्या. ताईंनी पेट्रोल पंपावरचंच भरलं होतं, ऑइल मापानेच घातलं होतं. "माझं चुकलं कुठं?" असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतो आहे. नवा सिलिंडर-पिस्टन आणि बुडालेली रोजची मजुरी धरली, तर त्यांच्या हंगामाचा नफा त्या बरणीत गेला.

याच्या जोडीला गंज आहेच. कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (इंधन साठतं ती वाटी) उघडला की जस्त-अॅल्युमिनियमच्या भांड्यात पांढरी भुकटी, पितळी जेटवर (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीवर) हिरवट थर, डायफ्राम म्हणजे आतला लवचीक पडदा ताठ झालेला, इंधनाच्या नळीला भेगा. हे सगळं इथेनॉलमुळेच होतं असं मी म्हणणार नाही. शिळं पेट्रोल पूर्वीही जेट बुजवायचं. प्रमाण मात्र वाढलं आहे, आणि तसं सांगणारा मी एकटा मेकॅनिक नाही.

दुसरी तक्रार कंपन्यांशी आहे. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत आजही लिहिलेलं आहे की दहा टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल असलेलं पेट्रोल वापरू नका. पंपावर वीस टक्के. मग वॉरंटी कुणाची? एका गिऱ्हाइकाचा दावा एका कंपनीने "चुकीचं इंधन" असा शेरा मारून परत पाठवला. बरोबर इंधन कुठे मिळतं ते मात्र सांगितलं नाही. जे इंधन नेहमीच्या पंपावर मिळतच नाही त्याची अट घालून भारतात यंत्र विकायचं, याला व्यापारातली सचोटी म्हणत नाहीत.

तिसरी छोटी आहे. कॅनमध्ये पेट्रोल घेणाऱ्याला त्यात किती इथेनॉल आहे हे ठळक मराठीत दिसलं पाहिजे. आमच्या भागातल्या कित्येक पंपांवर ते शोधावं लागतं.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. पाण्याचं भांडण इथेनॉलशी नाहीच, ते पेट्रोलशी आहे. नुसत्या इथेनॉलमध्ये पाणी कितीही घाला, थर पडत नाही. कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवून ऊर्ध्वपातन केलं की इथेनॉलचं प्रमाण वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर अडतं. त्यापुढे कितीही उकळलं तरी वाफेत आणि द्रवात पाण्याचं प्रमाण सारखंच राहतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर हे उरलेलं पाणी काढावंच लागतं. त्यासाठी मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे खास दाणे) लागतात, वाफ लागते, वीज लागते. एवढा खटाटोप करून कोरडं केलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, तिथून आमच्या गळक्या टोपीच्या टाकीत येतं, आणि तिथे पुन्हा पाणी पिऊन तळाला बसतं. कोरडं करण्याआधीचं जे ओलं इथेनॉल आहे, ज्याला आपण रेक्टिफाइड स्पिरिट म्हणतो, तेच सरळ चार स्ट्रोकच्या लहान इंजिनात का चालवू नये?

ही कल्पना माझी नव्हे. ब्राझीलने १९७५ साली इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १९७९ मध्ये नुसत्या इथेनॉलवर चालणारी मोटार बाजारात आणली. ते इथेनॉल पाण्यासकट होतं. आजही तिथे पंपावर वेगळ्या नळीतून विकलं जाणारं इथेनॉल पाणीयुक्तच असतं, आणि पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या त्यावर चालतात. मोटारसायकली चालतात. पिकांवर फवारणी करणारं इपानेमा नावाचं छोटं विमान २००४ पासून पाणीयुक्त इथेनॉलवर उडायला प्रमाणित आहे. विमान उडतं, मग आमचा दोन इंची पंप ओढ्यावर का चालू नये?

तिथे सगळं सुरळीत झालं असंही नाही. सुरुवातीला कार्बोरेटर गंजले, मग त्यांना निकेलचा मुलामा द्यावा लागला. थंडीत इंजिन सुरू होईना म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी बसवावी लागली. १९८९-९० च्या सुमारास इथेनॉलचा तुटवडा पडला आणि नुसत्या इथेनॉलवरच्या गाड्यांचे मालक अडकून पडले. यातलं शेवटचं आपल्याकडेही होऊ शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी आली होती. ती पुढे सैल झाली आणि उठलीही, पण ज्याचं यंत्र फक्त स्पिरिटवर चालतं त्याने त्या वर्षी काय केलं असतं, याचं उत्तर आधी तयार हवं.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प याच विषयावर होता. स्पिरिट त्यांनी रीतसर परवान्यावर घेतलं होतं, मला बोलावलं ते कार्बोरेटरच्या कामाला. इंजिन पाण्याच्या पंपाचं, १६३ सीसीचं, चार स्ट्रोक. तिथे हाताने जे केलं ते सांगतो, कारण असे तपशील फायलींमध्ये येत नाहीत.

पेट्रोलच्या एका किलोला पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ किलो. पाणी असेल तर त्याहून कमी. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन बरंच जास्त सोडावं लागतं. मेन जेटच्या छिद्राचा व्यास पाव भागाहून थोडा जास्त वाढवला की क्षेत्रफळ दीडपटीच्या पुढे जातं. एवढ्यावर इंजिन धावायला लागलं, पण भार टाकला की दम लागायचा. पाण्यामुळे ज्योत हळू पसरते, म्हणून ठिणगी थोडी आधी पडायला हवी. या इंजिनांत टायमिंग फिरवायची सोय नसते, फ्लायव्हीलची चावी घासून ते काही अंश पुढे घ्यावं लागलं. मग मात्र इंजिन सरळ चाललं, आवाज मऊ झाला. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, पाण्याला त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे भर दुपारीसुद्धा कार्बोरेटरच्या गळ्याला हात लावला तर बर्फाच्या गोळ्यासारखा गार, बाहेरून दव धरलेला.

त्रासही सांगतो. पहाटे इंजिन सुरू होत नव्हतं. स्पिरिटची वाफ पंधरा-सोळा अंशांच्या खाली पेटण्याइतकी होतच नाही. बुचभर पेट्रोल गळ्यात सोडलं की पकडायचं. गार इंजिन थोडा थोडा वेळच चालवलं तर न जळलेलं पाणी-स्पिरिट खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाचं ऑइल असतं त्या पेटीत) उतरायचं आणि ऑइल दुधाळ व्हायचं, म्हणून ऑइल लवकर बदलावं लागलं. आधीची इंधननळी फुगली, तिच्या जागी फ्लुओरो-रबराची घातली. आणि एक धोका कुणी बोलत नाही: स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. पेट्रोल सांडून पेटलं तर माणूस पळतो, इथे हात भाजेपर्यंत कळत नाही.

टू-स्ट्रोकसाठी हे इंधन मी आज मागत नाही. नेहमीचं खनिज टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल ओल्या स्पिरिटमध्ये विरघळत नाही. एरंडेल विरघळतं, पण त्याचा चिकटा बसतो आणि त्याचं प्रमाण, त्याचे परिणाम नीट तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या यंत्रात घालायची माझी तयारी नाही. टू-स्ट्रोकवाल्यांना तूर्त इथेनॉलविरहित पेट्रोलच हवं.

पैशाबद्दलही खरं बोलूया, कारण इथे फार थापा मारल्या जातात. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, पाणीयुक्त असेल तर त्याहून थोडी कमी. म्हणजे दीडपटीच्या आसपास इंधन लागणार. २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला सरकारने लिटरला ६५.६१ रुपये आणि सी-हेवी मळीच्या (साखर काढून शेवटी उरलेल्या मळीच्या) इथेनॉलला ५७.९७ रुपये दर दिला. ६५.६१ ची दीडपट ९८ च्या पुढे जाते, त्यावर कर आणि वाहतूक. पेट्रोलपेक्षा स्वस्त पडेल असं मी कुणाला सांगणार नाही. पाणी काढायचा खर्च वाचला, कारखान्याच्या दारातच विक्री झाली, तर फरक पडेल. पण माझी मागणी स्वस्ताईसाठी नाही. हंगामानंतर सहा महिने पडून राहिलेलं यंत्र पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू व्हावं आणि टाकीतलं पाणी हा आजार बंद व्हावा, यासाठी आहे.

आता उत्पादन शुल्क विभागाकडे वळतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली विनापरवाना स्पिरिट बाळगणं गुन्हा आहे आणि त्यामागची भीती खोटी नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. स्पिरिट शेतावर गेलं की ते घशात जाईल, असं अधिकाऱ्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण या भीतीवर तोडगे जुने आहेत. अमेरिकेने १९०६ साली विकृतीकरण केलेल्या, म्हणजे काही मिसळून पिण्यास अयोग्य केलेल्या अल्कोहोलवरचा कर काढला, तो शेतकऱ्याला आणि उद्योगाला ते इंधन म्हणून वापरता यावं यासाठीच. आपल्या देशातही १९४८ चा पॉवर अल्कोहोलचा (इंधनासाठीच्या अल्कोहोलचा) कायदा होता, २००० साली तो रद्द झाला. स्पिरिटमध्ये पाच टक्के पेट्रोल आणि तोंडात घालवणार नाही असं कडू द्रव्य घातलं, रंग दिला, की ते प्यायच्या कामाचं राहत नाही. पाच टक्के पेट्रोलने सकाळी इंजिन सुरू करणंही सोपं जातं, म्हणजे एका घोटात तुमचं आणि आमचं दोघांचं काम होतं. (घोट हा शब्द इथे जपूनच वापरायला हवा.)

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निम्म्याच्या आसपास पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारे स्टोव्ह आणि कंदील कित्येक वर्षांपूर्वी तयार करून दाखवले. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. ते घराघरांत का पोचले नाहीत, याचं कारण शोधायला स्टोव्ह उघडायची गरज नाही, स्पिरिट विकत घ्यायला निघून पाहावं.

अधिकार कुणाचा, हाही प्रश्न आता उरलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने औद्योगिक अल्कोहोलचं नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. तेव्हा "हा केंद्राचा विषय आहे" असं मुंबईने आणि "हा राज्याचा विषय आहे" असं दिल्लीने कृपया सांगू नये.

कुणी म्हणेल, ई-१००, म्हणजे जवळपास नुसतं इथेनॉल असलेलं इंधन, मिळतंच की. जून २०२१ मध्ये पुण्यात त्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या आणि दिल्लीतल्या काही पंपांवर विक्रीची घोषणा झाली. ते फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी आहे, अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि विक्री मोजक्या पंपांवर. पंपाच्या आणि वीडरच्या इंजिनासाठी त्यात ना जेटचं माप ठरलेलं आहे, ना कुठली वॉरंटी.

आमच्या मागण्या अशा:

१. ई-२० चा लहान इंजिनांवर, विशेषतः महिनोन्महिने पडून राहणाऱ्या कार्बोरेटरच्या इंजिनांवर काय परिणाम होतो, याची चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेमार्फत करा आणि अहवाल मराठीसह सर्व भाषांत जाहीर करा. पावसाळ्यातली साठवण आणि टोपीला भोक असलेली टाकी या चाचणीत हवीच. प्रयोगशाळेतल्या बंद बाटलीतले निष्कर्ष आम्हाला नकोत.

२. तोवर टू-स्ट्रोक यंत्रांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल सीलबंद डब्यात, एक आणि पाच लिटरच्या, तालुक्याच्या ठिकाणी किमान एका पंपावर उपलब्ध करा. थोडं महाग चालेल. कोकणात लहान होड्यांना बाहेरची मोटार लावणाऱ्यांचीही गरज यात धरा, त्यांच्या भोवती तर पाणीच पाणी आहे.

३. पाणीयुक्त, विकृतीकरण केलेल्या इथेनॉलचा शेतीच्या चार स्ट्रोक इंजिनांसाठी एक प्रायोगिक प्रकल्प सांगली, कोल्हापूर, सातारा यांपैकी एका जिल्ह्यात सुरू करा. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ हाताशी आहेत. कारखान्याच्या दारातून नोंदणीकृत शेतकरी गटाला, नोंदवहीवर आणि ठरावीक कोट्यात विक्री. उत्पादन शुल्काचा निरीक्षक वाटेल तेव्हा येऊन वही तपासू दे. रंग आणि कडवटपणा तुम्ही ठरवा. तुटवडा पडला तर पेट्रोलवर परत येता यावं, म्हणून जुना जेट यंत्राबरोबर ठेवण्याची सक्ती करा.

४. या इंधनासाठी एक प्रमाण ठरवा: पाणी किती टक्क्यांपर्यंत, आम्लता किती, विकृतीकरण कशाने. प्रमाण नसेल तर उद्या कुणीही बादलीत पाणी ओतून इंधन विकेल आणि दोष पुन्हा इथेनॉलवर येईल.

५. कंपन्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लहान इंजिनावर ते किती टक्के इथेनॉल सोसतं हे कोरावं. ई-२० सोसत नसेल तर विकू नये. जुन्या इंजिनांसाठी जेट, डायफ्राम, ओ-रिंगा आणि नळी यांचा बदलसंच रास्त किमतीत द्यावा, आणि पंपावरचं पेट्रोल वापरलं या कारणाने वॉरंटी नाकारणं थांबवावं. आतापर्यंत नाकारलेले असे दावे पुन्हा उघडावेत.

६. कॅनमध्ये पेट्रोल देणाऱ्या प्रत्येक पंपावर इथेनॉलचं प्रमाण आणि "हंगाम संपला की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा" एवढी सूचना मराठीत लावावी. हे उद्या सकाळी होऊ शकतं, याला समिती लागत नाही.

प्रायोगिक प्रकल्पाला यंत्रं कमी पडणार नाहीत. माझ्या दुकानातलं पंपाचं इंजिन, जेटचे संच आणि माझे हात मी विनामूल्य द्यायला तयार आहे, आसपासचे आणखी मेकॅनिकही येतील. इंधन मात्र कायदेशीर, परवान्यासह, तुमच्याकडून हवं. तिन्ही कार्यालयांचं उत्तर खासगी पोच म्हणून नको, जाहीर द्यावं, आणि रब्बीच्या फवारण्या सुरू होण्याआधी द्यावं, म्हणजे त्या हंगामात निदान टाकीत काय भरायचं हे गिऱ्हाइकाला सांगता येईल.

आपला,
लहान इंजिनांचा एक मेकॅनिक
ता. वाळवा, जि. सांगली